काम घराचं, अंगठ्याचं नाही

शेवंताक्का,

तुमचा फोटो ऑफिसच्या हॉलमध्ये लावलाय. ट्रेनिंगच्या दिवशीचा. सतीश सरांच्या मते त्यात तुम्ही हसताय. तुम्ही हसत नव्हतात. आदल्या दिवशी मुडलीचे गड्डे सोलून तुमचे हात खाजत होते, आणि फोटोवाला 'स्माइल, आंटी' म्हणाला तेव्हा तुम्ही दात आवळून मनगट पदराला घासत होतात. फोटो छातीपर्यंत कापलाय, त्यामुळे हात दिसत नाहीत. उरलं ते हसू. खाली इंग्रजीत एक ओळ आहे: 'शी थॉट डिफरंटली.'

जीपवाल्या महादेवनं मला विचारलं, "काय लिवलंय म्हणे खाली?"

मी सांगितलं, त्या वेगळा विचार करायच्या.

तो म्हणाला, "जित्या हुत्या तवा ह्येच लोक 'बाईचं डोस्कं फिरलंय' म्हणत हुते. इंग्लिशमधी त्यालाच असं म्हणत्यात काय?"

मी तिथं हसले नाही. मला हसूसुद्धा उशिरा येतं, तुम्हाला माहीत आहे. घरी जाऊन हसले. मग नळ सोडून बराच वेळ तिथंच उभी राहिले.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. सकाळी कळशी खाली ठेवलीत आणि अंगणातच बसलात, असं तुमच्या सुनेनं सांगितलं. दवाखान्यात नेणारी गाडी मोठ्या रस्त्याला लागायच्या आत सगळं संपलं होतं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. मी तिथं नव्हते, आणि जे तिथं नव्हते तेच सध्या त्याबद्दल सगळ्यांत जास्त बोलतायत.

सतीश सरांनी मला एक काम दिलंय. संस्थेच्या वेबसाइटसाठी तुमच्यावर इंग्रजीत लिहायचं. "छोटं कर. पॉझिटिव्ह ठेव. आपल्याकडे सगळ्या प्रकारच्या माणसांना जागा आहे, हे त्यातून आलं पाहिजे." मी 'हो सर' म्हटलं, जागेवर येऊन कॉम्प्युटर उघडला, पहिलं वाक्य अर्धं लिहिलं आणि मला किळस आली. म्हणून हे लिहितेय. मराठीत. ज्या माझ्या मराठीला तुम्ही 'पुस्तकातनं पडलेली' म्हणायचात, त्याच मराठीत.

आपली शेड ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. जोयड्यात, सरकारी कचेऱ्या संपतात तिथं, रस्त्यापासून थोडी आत, पत्र्याची एक शेड आहे. आसपासच्या गावांतल्या बायका तिथं येऊन कंद सोलतात, चकत्या करतात, वाळवतात. कोनफळं असतात, आणि जास्त करून मुडली, अळकुडीचाच थोराड, गाठाळ प्रकार. पुढे त्याचं पीठ आणि चिप्स होऊन पाकिटांतून शहरात जातात. पाकिटावर जंगलाचं चित्र आहे आणि डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई आहे. तशी टोपली आपल्याकडे कुणीच घेत नाही, पण चित्र हुबळीत काढून घेतलं होतं. शेडची देखरेख तुमच्याकडे होती. माझ्याकडे ऑफिस, म्हणजे कॉम्प्युटर, ईमेल, आणि सर जे बोलतील ते नीट इंग्रजीत करून देणं. माझ्या वडिलांचं रामनगरला दुकान आहे, मी बेळगावात इंग्लिश मीडियमला शिकले, आणि चार माणसांसमोर मला बोलता येत नाही. माझी एवढी ओळख पुरे.

नवीन होते तेव्हा शेडचा हिशोब मला लागत नसे. आज पारूबाईंच्या जागेवर पारूबाई, उद्या त्यांची जाऊ, परवा सासू. मी तुम्हाला विचारलं होतं, "आज पारूबाई आल्या नाहीत?"

"आलीया की. ही काय."

"या त्यांच्या जाऊबाई ना?"

"मग? घर आलंय न्हवं?"

मी वेड्यासारखी बघत राहिले. तेव्हा तुम्ही, नेहमीप्रमाणे वैतागून, सांगितलंत. गावात लावणीला पैरा करतात. आज आमचं घर तुमच्या शेतात, उद्या तुमचं घर आमच्या शेतात. घरातून कोण आलं हे कुणी विचारत नाही. सून आली, लेक आली, म्हातारी आली, कुणीही आलं तरी घर आलं. शेडमध्येही बायकांनी तेच धरलं. जागा पारूबाईची नाही, पारूबाईंच्या घराची. ज्या दिवशी जिला जमेल ती येईल. कुणाचं मूल आजारी, कुणाची म्हैस व्याली, कुणाला अणशीला माहेरी जायचंय. जागा मात्र रिकामी राहत नसे. आणि जी येई ती आपल्या पद्धतीनं काम करी. पारूबाई विळीवर, जाऊ सुरीनं, सासू आधी गड्डे भिजत घालून मग कामाला लागणारी. एक भिंतीकडे तोंड करून बसायची, एकीचं तोंडच बंद नसायचं. तुम्ही कुणाला काही शिकवत नव्हतात. चकती वाळली की तुमचं काम झालं. ही रीत तुम्ही आणली असंही म्हणता येणार नाही. ती बायकांबरोबर आत आली, तुम्ही तिला दारात अडवली नाहीत.

सरांना पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "दिस इज प्रॉक्सी." सर धारवाडचे, हुशार, तीन भाषांत बोलतात. त्या तिन्हींत मिळून या रीतीला त्यांच्याकडे एकच शब्द होता, आणि तो लबाडीचा होता. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात अंगठा लावून हजेरी घ्यायचं ते यंत्र बसलं. एक नाव, एक अंगठा. जिचा अंगठा तिनंच रोज यायचं, चार दिवस चुकले की जागा दुसरीला. आपल्याकडच्या कुठल्याच घराला एकच बाई रोज सोडणं जमणार नाही, हे सांगायला जंगलात राहावं लागत नाही. यंत्र आलं की पाऊस सुरू व्हायच्या आत निम्म्या बायका बाहेर. तुम्ही ते प्रत्येक मीटिंगला अडवलंत. "काम घराचं हाय, अंगठ्याचं न्हाई," एवढं एकच वाक्य. सर म्हणत, "अक्का, कारण द्या." तुम्ही म्हणत, "दिलं की."

आणि अशा माणसांनी आपल्याला विविधतेचं ट्रेनिंग दिलं. दांडेलीच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टमध्ये नेलं होतं, आठवतंय? विषय होता, कामाच्या जागी वेगवेगळ्या विचारांच्या, वेगवेगळ्या वागण्याच्या माणसांची किंमत ओळखणं. बंगळूरहून एक बाई आल्या होत्या. वाईट नव्हत्या. त्यांनी प्रश्न विचारले आणि उत्तरांवरून आपल्याला चार ढिगांत टाकलं: आग, पाणी, वारा, माती. मनगटाला रंगीत रिबिनी बांधल्या. तुम्ही आग, लाल. मी पाणी, निळी. महादेव वारा, आणि त्याचा समज झाला की तो जीप चालवतो म्हणून. सर कुठल्याच ढिगात नव्हते. सर खुर्चीत बसून बघत होते.

बाई म्हणाल्या, "आगीनं पाण्याला समजून घ्यायचं, पाण्यानं आगीला."

तुम्ही म्हणालात, "आगीवर पाणी पडलं की राख हुतीया, मॅडम. त्यात समजून काय घ्यायचं?"

सगळे हसले. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'आगीची विनोदबुद्धी'. मग त्यांनी तुम्हाला विचारलं, "तुम्हाला स्वतःला कुठल्या गटात बसायला आवडेल?"

"जेवान कुठल्या बाजूला हाय?"

येताना जीपमध्ये तुम्ही रिबीन सोडलीत आणि म्हणालात, "म्हशीच्या शिंगाला बांधतो. तिला शोभंल." आमच्याकडे बायकाही 'बांधतो, जातो' म्हणतात. सरांनी एकदा तुमचं हेसुद्धा सुधारायचा प्रयत्न केला होता.

त्या ट्रेनिंगनं सरांची फार मोठी सोय झाली. आधी तुमचं म्हणणं खोडायला त्यांना कारण शोधावं लागायचं. नंतर 'अक्का आग आहेत' म्हटलं की पुरायचं. तुम्ही पाण्याच्या टाकीबद्दल बोला, खाली बसून बायकांच्या पाठी धरतात म्हणून पाट मागा, चकत्यांना बुरशी येतेय म्हणा, उत्तर एकच: आग. लोक मान डोलवायचे, कौतुकानं हसायचे आणि पुढचा विषय घ्यायचे. मला रविवारी कामाला बोलवायचं असलं की, "तू पाणी आहेस, ॲडजस्ट होशील." माणसाचं न ऐकण्याचा इतका सभ्य मार्ग मी अजून दुसरा पाहिलेला नाही. पूर्वी निदान उद्धटपणे 'गप्प बसा' म्हणायचे.

मात्र तुमच्याबद्दल गोड लिहायचं मला जमणार नाही, आणि तुम्हालाही ते आवडणार नाही. तुम्ही गोड नव्हतात. कुणी नवीन काही बोलायला लागलं की त्याचं वाक्य संपायच्या आत तुमचं 'न्हाई' यायचं. उन्हात वाळवायची काचेची पेटी आली तेव्हाचं मला आठवतं. "न्हाई. ह्यात चकत्यांला घाम सुटणार." सर चिडून केबिनमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडायला आले तर तुम्ही आवारात उभ्या राहून ऊन कुठवर येतंय ते बघत होतात. म्हणालात, "ती पेटी हितं ठेवूया. थितं दुपारी फणसाची सावली येतीया." तुमच्या तोंडातलं 'नाही' म्हणजे विचार सुरू झाला एवढाच निरोप असायचा. होकार एक रात्र उशिरा यायचा. सरांनी आदल्या दिवशीचं 'नाही' लक्षात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पेटी कुणी जागेवर ठेवली ते कधी विचारलं नाही. वर्षाच्या शेवटी तुमच्याबद्दल त्यांचं मत माझ्याकडूनच टाइप करून घेतलं होतं: बदलाला विरोध.

वेगळेपणाचा आदर वगैरेही तुमच्याकडे नव्हता. पारूबाई मोबाइलवर भजनं लावायच्या, ती तुम्हाला सहन व्हायची नाहीत. "बंद कर गं. देवालाबी कट्टाळा आला आसंल." त्या म्हणायच्या, "देवाला आला तर देव सांगंल, तुला कशाला पायजे?" आणि आवाज वाढवायच्या. हे रोज. तुम्ही शिव्या देत राहिलात, भजनं चालू राहिली. पारूबाईंना कुणी रिबीन बांधली नाही आणि कुणी घालवलंही नाही. सरांना माणसांच्या वेगळेपणाचं एवढं कौतुक होतं की त्यांनी त्याचे चार ढीग केले. तुम्हाला अजिबात नव्हतं. माणसांना सरळ करत बसायचा तुम्हाला कंटाळा होता. त्या कंटाळ्याच्या सावलीत आम्ही किती जण राहत होतो, हे आता कळतंय.

त्यात मीही होते. मीटिंगमध्ये सर एकदम माझ्याकडे वळायचे. "स्पीक अप. वुई वॉन्ट टु हिअर यू." सगळी तोंडं माझ्याकडे फिरली की मला माझंच नाव आठवत नाही. तुम्ही नखातली माती काढत, मान वर न करता म्हणायचात, "ती सांगंल सांगायचं तवा. फुडं चला." आणि सर पुढे जायचे. नंतर तुम्ही मला कधी विचारलं नाहीत की तू काय सांगणार होतीस. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. इंग्रजीत ते फार सोपं आहे, दिवसातून दहा वेळा तोंडातून सुटतं. मराठीत तुमच्यासमोर उभं राहून कसे मानायचे ते मला माहीत नव्हतं. एकदा मी 'थँक्यू अक्का' म्हणाले होते, तर तुम्ही म्हणालात, "काय झालं? कुठं निघालीस?"

आणि त्याच तुम्ही नंदिगड्डा गावाच्या वाटेवर मला नको ते बोललात. आपण महादेवच्या जीपनं गड्डे आणायला निघालो होतो. आदल्या दिवशी मीटिंगमध्ये यंत्राचा विषय पुन्हा निघाला होता. तुम्ही विचारलंत, "मी न्हाई म्हटलं. तू काय म्हटलंस?"

"मी काही बोलले नाही."

"त्येच म्हणतो मी. त्या माणसाला गप्प बसलेलं सगळं 'व्हय'च ऐकू येतंय."

मला राग आला. म्हटलं, "तुम्ही प्रत्येक गोष्टीला नाही म्हणता. मग या नाहीला वेगळं कोण समजणार?"

महादेवनं गाणं बंद केलं. तुम्ही त्याला म्हणालात, "लाव की. का बंद केलंस?" तो म्हणाला, "ह्ये बरं हाय गाण्यापरास."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "म्हंजे माझ्या न्हाईला इस्वास न्हाई म्हणतीस."

"हो."

"आन तुझ्या गप्प बसण्याला हाय? भ्या हाय त्ये, बाय. शाळंत इंग्लिश शिकीवली, भ्या तेवढं ऱ्हायलं काढायचं."

"आरडाओरडा म्हणजे धाडस नव्हे," मी म्हटलं.  तुम्ही काहीतरी म्हणायला तोंड उघडलंत, तेवढ्यात जीप थांबली. बायका पोती घेऊन उभ्या होत्या. तुम्ही उतरलात आणि गड्डे ओले का भरले म्हणून त्यांच्यावर ओरडायला लागलात. येताना तुम्ही पोत्यांना टेकून झोपलात. त्यानंतर आपण कामापुरतंच बोललो. आठवड्यातच तुम्ही गेलात.

तुम्ही तेव्हा काय म्हणणार होतात, अक्का? मी खूप उत्तरं रचून पाहिली. सगळी माझ्यासारखी बोलतात, एकही तुमच्यासारखं बोलत नाही.

तुमची शोकसभा झाली. आधी आम्ही उभं राहून शांत राहिलो, मग सर बोलले. "अक्का आणि माझे मतभेद होते, बट दॅट इज द ब्यूटी." सौंदर्य. तुम्ही बोलायला लागलात की जो माणूस फोन बघायचा, त्याला आता मतभेदात सौंदर्य दिसायला लागलंय. त्यांनी तुमच्या नावानं पुरस्कार जाहीर केला, 'वेगळा आवाज'. दर वर्षी, बेधडक आपलं मत मांडणाऱ्या कर्मचाऱ्याला. निवड व्यवस्थापन करणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे आठवून मधेच थांबवल्या.

मग चहा आला. कप हातात असतानाच सर म्हणाले, "जमलोच आहोत तर एक छोटा विषय घेऊन टाकू." टेबलाखालून खोका निघाला. यंत्र आलेलं होतं. अशा वस्तू आपल्याकडे एका दिवसात येत नाहीत. मागवलं तेव्हा तुम्ही जिवंत होतात, कदाचित त्याच दिवशी मीटिंगमध्ये 'न्हाई' म्हणत होतात.

"कुणाला काही म्हणायचंय?" सरांनी विचारलं. हिशोबनीसांनी बिस्किट चहात बुडवलं. दोन फील्डवाले एकमेकांकडे बघत राहिले. सर माझ्याकडे वळले. "प्राची?"

'फुडं चला' म्हणायला कुणी नव्हतं. मी कपावरच्या सायीकडे बघत राहिले.

"ग्रेट. सगळ्यांचं एकमत."

म्हणजे तुमचं बरोबर होतं. गप्प बसलेलं सगळं त्यांना 'व्हय'च ऐकू येतं. मला त्या क्षणी सरांपेक्षा तुमचाच जास्त राग आला. मेलेल्या माणसानं भांडण जिंकू नये, त्याला उलट उत्तर देता येत नाही.

यंत्र शेडच्या दाराशी बसवलं. पण ते नुसतं बसवून चालत नाही. आधी कॉम्प्युटरवर एकेक नाव भरावं लागतं, मग त्या त्या बाईला बोलावून तिचा अंगठा घ्यावा लागतो. हे काम माझं. सरांनी सांगितलं, या आठवड्यात करून टाक.

मी केलं नाही. नाही म्हणाले नाही, केलं नाही. सकाळी येते, ईमेल बघते, पाकिटांच्या ऑर्डरींची पत्रं लिहिते, डबा खाते. सर दारातून विचारतात, "नावं भरून झाली?" मी म्हणते, "नाही." ते विचारतात, "काही प्रॉब्लेम?" मी त्यांच्याकडे बघते आणि गप्प राहते. समोरच्याच्या गप्प राहण्याची बोलक्या माणसांना भीती वाटते, हे मी लहानपणापासून बघत आलेय. ती जागा ते स्वतःच भरून काढतात. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "नेटवर्क नसेल." मग म्हणाले, "सॉफ्टवेअरवाल्याला विचारतो." मग, "अक्का गेल्यानं तुला धक्का बसलाय, टेक युअर टाइम." सगळी कारणं त्यांचीच. मी एकही दिलेलं नाही. बिचारे एवढे खपतात माझ्यासाठी.

हे धाडस नव्हे म्हणाल. भ्याच म्हणाल. असेल. पण तुमच्यासारखी मी त्या मीटिंगमध्ये ओरडले असते तर काय झालं असतं? मला लाल रिबीन मिळाली असती, पुढच्या वर्षी पुरस्कारही मिळाला असता, आणि नावं दुसऱ्या कुणी भरली असती. तुमच्या 'नाही'वर त्यांनी उपाय शोधला होता. माझ्या गप्प बसण्याला ते अजून होकार समजतायत, आणि तेवढ्यावर शेड चालू आहे. हे मी तुम्हाला जीपमध्ये सांगायला हवं होतं, पण तेव्हा मलाच ते माहीत नव्हतं. हे फार दिवस टिकणार नाही हेही मला कळतं. एक दिवस त्यांच्या लक्षात येईल आणि मला रामनगरला घरी पाठवतील. तिथं दुकान आहे, आई आहे, आणि रविवारी मला बघायला येणारी माणसं आहेत, जी विचारतात, मुलगी बोलत नाही का फारशी. मला तिथं परत जायचं नाही, अक्का. माझ्या गप्प बसण्याचा कुणी अर्थ लावत बसत नाही, अशी जागा मला पहिल्यांदा इथं मिळाली.

काल तुमची सून आली. रेखा. तुमचे दिवस उरकून, डोक्यावर पदर घेऊन, यंत्राच्या शेजारी दारात उभी राहिली. सर शेडमध्येच होते, कुणा पाहुण्यांना दाखवण्यासाठी फोनवर व्हिडिओ घेत होते. त्यांनी फोन खाली केला, चेहरा दुःखी केला आणि म्हणाले, "आम्हाला फार वाईट वाटलं. अक्कांच्या जागी काम हवं असेल तर अर्ज करावा लागेल, मुलाखत असेल."

रेखा म्हणाली, "सासूबाईंचं काम नको मला. मी सोलाय आलोय. आमच्या घरचं कुणी आलंच न्हाई इतके दिस. बरं दिसत न्हाई त्ये."

सर माझ्याकडे वळले. मी पाकिटांचे नमुने न्यायला आत आले होते. ते इंग्रजीत म्हणाले, हिला समजावून सांग, हिचं नाव यंत्रात नाही, असं कुणालाही बसवता येत नाही.

बायकांचे हात थांबले. पारूबाईंनी मोबाइल बंद केला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी हातातले नमुने खाली ठेवले. मग मी सरांकडे बघून म्हणाले, "यंत्रात कुणाचंच नाव नाही, सर."

आवाज लहान होता, पण पत्र्याच्या शेडमध्ये सगळं ऐकू जातं. सर आधी हसले, त्यांना वाटलं मी नेटवर्कबद्दल सांगतेय. मग ते यंत्राकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मला वाटतं, इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिलं. ते केबिनमध्ये गेले. अजून त्यांनी काही म्हटलेलं नाही. सोमवारी बोलावलंय, एवढा निरोप महादेवकडून आला. सरांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला लावता येत नाही. त्याची सवय त्यांना नाही आणि मलाही नाही.

रेखा बसली. पारूबाईंनी सरकून जागा दिली. खोटं कशाला सांगू, तुमची सून कामाला वाईट आहे. चकत्या जाड करते, अर्धा गड्डा सालीबरोबर टाकून देते, आणि मधेच उठून फोनवर बोलायला जाते. पारूबाईंनी तिला दुपारपर्यंत दोनदा झापलं. "तुझ्या सासूनं काय शिकीवलं गं तुला?" ती म्हणाली, "त्यांनी कुणाला काय शिकीवलंय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, तिथंच, सगळ्यांदेखत.

वेबसाइटचा मजकूर मी लिहिलेला नाही. सोमवारी सर विचारतील, तेव्हा मी काय करेन ते मला माहीत नाही. ओरडणार नाही, एवढं नक्की. तुमचं तुमच्यापाशी.

आज शनिवार. बायका आल्यात. तुम्ही नसल्यानं मला आता सगळ्या ओळखू येत नाहीत. दाराशी बसलेली ती हिरव्या पातळातली कुणाच्या घरची, कुणाच्या जागी आलीये, मला ठाऊक नाही. मी तिला विळी दिली. विचारलं नाही.